लाल फाक

४ नोव्हेंबर, मंगळवार

हातांची पार चाळण झाली आहे. सारखं स्पिरिट, सारखा साबण – कातडीने तरी किती सोसायचं! पेरापेरांवर चिरा. लिंबू पिळायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

प्रयोगशाळेतल्या बाकावरची माझी ग्लिसरीनची बाटली काल संपली होती. आज जेवून आले तर गळ्यापर्यंत भरलेली! मास्तरांचंच काम. आमच्याकडचे सगळ्यात जुने तेच. साधी वेळ विचारली तरी खडू घेऊन फळ्याकडे धावतात, म्हणून मास्तर. विचारलं तर म्हणे, "भुतं भरून जातात." पाच माणसांच्या प्रयोगशाळेत भुतंसुद्धा ओळखीचीच. ग्लिसरीनला आमच्याकडे तोटा नाही, यीस्ट गोठवून ठेवायला ते लागतंच. त्यातलं थोडं हाताला लावलं तर सरकार बुडत नाही.

लावलं आणि हात गरम झाले. छान ऊब आली.

घरी आल्यावर आई – "लसूण खाल्लास का गं? तोंडाला वास येतोय." लसूण कुठला! डब्यात उकडलेला बटाटा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

धाकटीकडे गेले होते. सहावा लागला तिला. सहावा! आधीची दोन्ही चौथ्याच्या आत गेली. दुसऱ्या वेळचा रिपोर्ट तिच्याआधी मी वाचला होता. एक गुणसूत्र जास्तीचं. फक्त एक. एका पेशीच्या दोन होताना वाटणीत चूक झाली, संपलं. नेमकी हीच चूक मी दिवसभर यीस्टमध्ये मोजत असते, पोटासाठी. तेव्हा तिने विचारलं होतं, "म्हणजे तुझ्या त्या यीस्टसारखं?" आणि मी शहाणी म्हणाले, "हो, तसंच." बहिणीला द्यायचं उत्तर आहे का हे!

आता मात्र सगळं ठीक आहे. तपासण्या झाल्या, गुणसूत्रं जागच्या जागी. फक्त पोट ताणून खाजतं, रडकुंडीला येते. बाकावरची ती बाटली पर्समध्ये होतीच. हाताला घेतलं, चोळून दिलं. "गरम लागतंय गं, बरं वाटतंय," म्हणाली. आणि तेवढ्यात माझ्या तळहाताखाली – लाथ! आतून कुणीतरी दार ठोठावावं तशी.

धाकटी खूश. "तुझा हातगुण आहेच ताई." आईने लगेच तिची री ओढली – हिने लावलेली फांदी कधी मेली नाही वगैरे वगैरे. आईला हे कीर्तन आयतंच हवं असतं.

"पण तुझ्याच हाताने हं," धाकटीने बजावलं. "दुसऱ्या कुणाला मी पोटाला हात लावू देणार नाही. आईलासुद्धा नाही!" शेंडेफळ ते शेंडेफळच. बत्तीस वर्षांची झाली तरी.

येताना जिन्यात एकटीच हसत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काहीतरी घोटाळा आहे. पहिल्यापासून लिहून काढते, म्हणजे चूक सापडेल.

यीस्टच्या पेशीला कळी फुटते. पेशी ती आई, कळी ती लेक. लेकीला द्यायचं सामान, म्हणजे गुणसूत्रं, आईने आधीच दुप्पट करून ठेवलेलं असतं. मग पेशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरे ताणले जातात. त्या दोऱ्यांवरून मोटर-प्रथिनं चालतात. खरंच चालतात – एक पाय पुढे, मग दुसरा, हमालासारखी – आणि सामान ओढून नेतात. निम्मं आईकडे, निम्मं लेकीकडे. एवढ्याशा जिवात केवढा तो व्यवहार!

एखादं गाठोडं वाटेत राहिलं तर आपल्याला कळावं कसं? म्हणून आमच्या यीस्टमध्ये एक जादाचं चिमुकलं गुणसूत्र घातलेलं आहे. प्लेटमधल्या पोषक खळीवर एकेका पेशीचा वाढून एक ठिपका होतो; ते गुणसूत्र आहे तोवर ठिपका पांढरा. एखाद्या पेशीने ते हरवलं की ती लाल, तिच्या लेकी लाल, नाती लाल. पांढऱ्या ठिपक्यात लाल फाक उमटते, कलिंगडाच्या फाकेसारखी. फाका मोजायच्या. झालं माझं काम.

मी एक मोटर काढून टाकलेलं यीस्ट आणि त्याच्या जोडीला निरोगी यीस्ट, दोन्ही पसरते. आजाऱ्याच्या प्लेटवर फाका पुष्कळ हव्यात. निरोग्याच्या प्लेटवर शोधूनही सापडू नयेत.

आज झाकण उचललं तर निरोग्याच्या सगळ्या प्लेटा लाल फाकांनी भरलेल्या! आजाऱ्यापेक्षा जास्त. ठिपक्यामागून ठिपका, प्रत्येकाला जखम. मी झाकण पुन्हा ठेवलं. का ते माहीत नाही. झाकल्याने काय बदलणार होतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

नव्याने केलं. नवं पाणी, नवी खळ, सगळं नवं. लाल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, सोमवारीच म्हणाल्या होत्या, "तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, पण डोळ्यांचा डोळ्यांवर नसावा." म्हणजे आंधळी तपासणी. त्यांनी एकाच निरोगी यीस्टच्या नळ्या भरल्या, निम्म्या मास्तरांनी पसरल्या, निम्म्या मी. प्लेटांवर नुसते आकडे, कोणती कुणाची ते फक्त बाईंना ठाऊक. आज मोजल्या. मी मोजल्या, मग मास्तरांनी मोजल्या, आकडे जुळले. निम्म्या प्लेटा दुधासारख्या पांढऱ्या. निम्म्या लाल.

बाईंनी चिठ्ठी उघडली. लाल त्या सगळ्या माझ्या. एकही इकडची तिकडे नाही!

तेच यीस्ट, तेच पाणी, तेच टेबल. फक्त हात वेगळा.

मास्तर वातावरण हलकं करायला म्हणाले, "तुझा हातगुणच गं! तुझा हात लागला की ती बिचारी सामान टाकून पळतात." सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत उभी राहिले. बाहेर येऊन सवयीने ग्लिसरीन लावलं, नाहीतर चिरांतून रक्त येतं.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. हे इथे लिहून ठेवते, उपयोगी पडेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

धाकटीकडे. तिने पोट पुढे केलं. मी चहा करते म्हणून उठले. चहा झाल्यावर भांडी घासली. भांडी झाल्यावर ओटा पुसला. आई माझ्याकडे बघत होती.

"हात लाव ना गं," धाकटी. मी म्हटलं, हात फुटलेत, बोचतील तुला.

"मागे बोचले नाहीत ते!" मग जरा थांबून हसत हसत – "आणि गंमत सांगू? तू आलीस ना, की हे गप्प बसतं. सकाळपासून धुडगूस चालला होता, बेल वाजली आणि चिडीचूप."

हसण्यावारी नेलं मी. हातमोजे घालून बसले होते, थंडीचं निमित्त करून.

कळतंय मला हा मूर्खपणा आहे. कळतं पण वळत नाही, अशी गत. पांढऱ्या ठिपक्यावर माझा हात पडतो आणि तो फाटतो, हे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ना! त्याच हाताखाली ती लाथ होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

थंडी वाढलीय. सकाळी प्रयोगशाळेत गेले तर बाटलीतलं ग्लिसरीन गोठलेलं. पांढरं, घट्ट, मेणासारखं. मुठीत धरून बसले तेव्हा कडेकडेने सुटलं. लावलं. हात गरम.

तोंडाला पुन्हा लसूण. जीभ घासली, गुळण्या केल्या. जात नाही. आतूनच येतो वास, श्वासाबरोबर. आई म्हणते पित्त. माझ्या अंगात कुणी दुसरीच राहायला आलीय आणि तिचं खाणं-पिणं वेगळं आहे, असं उगीच वाटून गेलं. लगेच कामाला लागले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तरांच्या प्लेटा लाल झाल्या.

सोमवारी त्यांनी स्वतःच्या कामाचं निरोगी यीस्ट पसरलं होतं. आज सगळीकडे फाका. मास्तर बराच वेळ प्लेट उजेडाकडे धरून उभे होते. विनोद केला नाही. मास्तरांनी विनोद न करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

पसरलं ते कोणत्या बाकावर? माझ्याच, त्यांच्या बाकावरचा दिवा गेलाय. यीस्ट उचलायच्या काड्या कोणाच्या? माझ्या पेल्यातल्या. आमच्यात ज्याचा त्याचा काड्यांचा पेला, ज्याने त्याने हाताने भरायचा आणि मग भट्टीत तापवून घ्यायचा. म्हणजे काड्यांना माझाच हात लागलेला. भट्टीत जंतू मरतात. माझा हात मरत नाही की काय!

बाई म्हणाल्या, "हिच्या पेल्याला कुणी शिवू नका." चांगल्या अर्थानेच म्हणाल्या. पण कानात तेच वाजतंय.

३० नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. सर्दी झालीय असं सांगितलं. धडधडीत खोटं.

धाकटीचा फोन – "सर्दीच ना? का दुसरं काही? माझ्याशी खोटं बोलू नकोस हं ताई." मी नाकातून बोलले. मागून तिच्या नवऱ्याचा आवाज – "असू दे गं, दमली असेल ती." पोट फार खाजतंय म्हणाली. रात्र रात्र झोप नाही. रडू दाबत होती, मला कळत नाही का? एवढीशी असल्यापासून तिचं रडू मी ओळखते.

हात नाही तर नाही, निदान औषध तरी पोचावं. बाकावरच्या बाटलीतून अर्धं एका छोट्या बाटलीत काढून आणलं होतं, ते आईबरोबर पाठवलं. निरोप दिला – रोज दोन वेळा लाव, जोरात चोळू नकोस. आई जाताना दारात थांबली. "तुझ्या मनात काय चाललंय ते सांगशील का?" मी म्हटलं, काही नाही. मूग गिळून बसण्यात मी आईवरच गेलेय.

आई परत आली. म्हणे तोंड फुगवून घेतली बाटली. घेतली ना, मग झालं. फुगलेलं तोंड उतरेल. मी जवळ नाही हेच तिच्या भल्याचं.

१ डिसेंबर, सोमवार

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. हात साबणाने धुतले, ब्रशने घासले, स्पिरिट चोळलं. सालटं निघायची वेळ आली. मग ग्लिसरीन. मग स्वच्छ पाण्यात बोटं बुडवली आणि त्या पाण्यात निरोगी यीस्ट सोडून पसरलं. जोडीला साध्या पाण्यातलं. दोन्ही मोठ्या बाईंसमोर.

बाई म्हणाल्या, "घाबरलीयस का तू?" मी हो म्हणाले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताचा हेवा वाटला मला.

२ डिसेंबर, मंगळवार

आईला विचारलं, धाकटी लावते ना? "हो गं, रोज लावते म्हणाली. खाज बरीच कमी आहे." बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

५ डिसेंबर, शुक्रवार

साध्या पाण्याच्या प्लेटा पांढऱ्या. माझी बोटं बुडवलेल्या पाण्याच्या – लाल.

म्हणजे हातच. बाक नाही, हवा नाही, काड्या नाहीत. घासून घासून धुतलेला हा हात.

त्या बोटांच्या पाण्यातलं यीस्ट बाईंनी अंधाऱ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली लावायला सांगितलं. दोरे हिरवे चमकतील असा रंग आहे त्यांच्यात. तिथे नुसता लाल दिवा असतो. साध्या उजेडाने आमची रसायनं नासतात, म्हणून. त्या लाल अंधारात मी डोळा टेकवला.

कळ्या आहेत. लेकी आईएवढ्या फुगल्यात. आणि आत दोरा एकही नाही! हिरवा धूर आहे नुसता. सामान बांधून तयार, मधोमध तसंच पडलेलं. मोटर-प्रथिनं असतील ना तिथेच कुठेतरी, पाय उचलून. पण चालणार कशावरून? रस्ताच कुणी काढून घेतलेला. आणि आई मात्र लेकीला वाढवतेच आहे, वाढवतेच आहे. रिकामीच.

किती वेळ बघत होते कोण जाणे. मास्तर मागे येऊन उभे राहिलेले कळलं नाही. "हे तर औषध घातल्यासारखं दिसतंय," ते पुटपुटले. दोरे विरघळवणारं एक औषध आहे आमच्याकडे, मुद्दाम पेशी अडवून ठेवायची असली की घालतात. पण ते औषध मी सहा महिन्यांत वापरलेलं नाही. माझ्या बाकावर ते नाहीच.

बाई हळूच म्हणाल्या, "कुणी मुद्दाम तर...?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो आणि मग कुणीच कुणाकडे बघेना. मला एवढंच दिसत होतं – ती फुगलेली, रिकामी लेक.

धाकटीला फोन केला नाही. माझा आवाजही तिच्या पोटापर्यंत जाऊ नये.

८ डिसेंबर, सोमवार

हाडं गोठवणारी थंडी. बोटांची तपासणी पुन्हा, या वेळी माझ्याबरोबर बाईंची आणि मास्तरांचीही बोटं. बाईंना बैठकीला पळायचं होतं, घाई घाई. हात धुतले, बाटली उचलली तर दगड! मुठीत धरून वितळवायला वेळ कुठला! तसेच कोरडे, रक्ताळलेले हात बुडवले. फार झोंबलं.

धाकटीचा दोन दिवस फोन नाही. रुसली. रुसू दे बाई. रुसलेली चालेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पांढऱ्या!

बाईंच्या पांढऱ्या, मास्तरांच्या पांढऱ्या, माझ्या पांढऱ्या. खिडकीशी नेऊन बघितल्या. एक फाक नाही. बाई म्हणाल्या, "आठव. सोमवारी काय वेगळं केलंस?" मी म्हटलं, काही नाही. हेच हात. उलट ग्लिसरीनसुद्धा लावलं नव्हतं, गोठलं होतं ना.

मास्तरांच्या हातातून झाकण खाली पडलं.

"काय म्हणालीस? गोठलं होतं?"

"हो. रोजच गोठतं हल्ली."

"बाई गं," मास्तर म्हणाले, "ग्लिसरीन गोठतं कधी? फ्रीझरमध्येसुद्धा गोठत नाही, म्हणून तर आपण यीस्ट त्यात ठेवतो!"

हे मला माहीत होतं. दरवर्षी नव्या मुलांना हे मीच शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते औषध ज्या द्रवात विरघळवून ठेवतात तो मात्र थोड्या थंडीतही गोठतो, हेही मीच शिकवते. तो कातडीतून सरळ रक्तात जातो, जाताना जे विरघळलेलं असेल ते बरोबर नेतो, आणि मग तोंडाला लसणाचा वास येतो, म्हणून हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही – मीच! फळ्यावर लिहून!

मास्तर अंधाऱ्या खोलीत गेले. मी मागे. फळीवर दोन मोठ्या बाटल्या शेजारी शेजारी. लेबलं केव्हाच पुसली गेलीत, आमचा सगळा कारभार बुचावरच्या टेपवर. पांढरी टेप ग्लिसरीन. लाल टेप औषध. लाल दिव्याखाली दोन्ही टेपा सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या. मास्तरांनी दोन्ही बाटल्या उचलून बाहेर व्हरांड्यात आणल्या. उंबरा ओलांडला आणि त्यांच्या उजव्या हातातली टेप लाल झाली.

"मी आतच भरली होती तुझी," ते म्हणाले. "तुझे हात फुटले होते म्हणून." आणि तिथेच पायरीवर बसले. पांढरेफटक. एवढा मोठा माणूस, तोंड झाकून. मी त्यांना पाणी दिलं. खरं सांगायचं तर मला राग आलाच नाही त्या क्षणी. माझा जीव भांड्यात पडला होता. मी नाही! माझा हात नाही. बाटली होती, साधी बाटली! मी वेड्यासारखी हसायला लागले. बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता रक्त तपासून घे. म्हटलं घेते, घेते, आधी बहिणीला फोन करते, महिनाभर छळलंय तिला –

फोन कानाला लावला आणि मग आठवलं.

दुसरी बाटली.

रोज दोन वेळा लाव. जोरात चोळू नकोस.

रिक्षात लिहितेय. अक्षर लागत नाही. हात काहीतरी करत राहिला नाही तर मी ओरडेन. धाकटी फोन उचलत नाही. रुसलीय ना! आई घरून निघालीय. धाकटीचा नवराही उचलत नाही. पुन्हा केला. पुन्हा. रोज लावते म्हणाली. रोज. बारा दिवस झाले. ती फुगलेली रिकामी कळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सिग्नल. देवा, सिग्नल.

तीच तारीख, संध्याकाळ

धाकटीने दार उघडलं. तोंड फुगलेलंच. मी बाटली बाटली करत होते, तिला काही कळेना. मग कपाट उघडून काढून दिली. काठोकाठ भरलेली. गोठलेली. बुचावर मी गुंडाळलेला प्लास्टिकचा कागदसुद्धा सुटलेला नाही.

"तुझ्या हातानेच लावेन, म्हटलं नव्हतं का मी?" म्हणाली. "तू येत नाहीस, तर नाही लावायचं मला." आई मागे उभी होती. "तुला बरं वाटावं म्हणून गं बोलले मी..." म्हणून रडायला लागली.

मी आले असते तर माझ्याच हाताने लावलं असतं. रोज.

मी चोळून दिलं तो एक रविवार मात्र आहे. तिला सांगितलं सगळं. डॉक्टरांकडे उद्या सकाळी, दोघींनी. तिने कपाट बंद केलं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि पोट पुढे केलं. हात दहा वेळा धुतले होते, तरी मी ते पाठीमागे धरले आणि कान टेकवला.

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग कानशिलावर – सणसणीत!

"मारलं मावशीला!" धाकटी हसली. मी कान उचलला नाही. दुसऱ्या लाथेची वाट बघत तशीच राहिले.